शांत चेहऱ्यानं सांगितलेली गोष्ट

सोमवारी, ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, सकाळी पावणेनऊ वाजता सखाराम भुवड यांची भाषा गेली.

त्या वेळी ते काजरवाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या शेतात भात कापत होते. वय अडुसष्ट. हातातला विळा पडला, तो उचलायला वाकले आणि तसेच बांधावर बसले. चुलतभाऊ रामा शेजारच्या तुकड्यात होता. त्यानं विचारलं, "दादा, काय झाला?"

"हो," सखाराम म्हणाले.

"पाणी देऊ?"

"हो."

"का चक्कर आली?"

"हो."

माणूस बसलाय, डोळे उघडे आहेत, विचारलं की उत्तर देतोय. रामाला वाटलं, घटकाभर टेकला की उठेल. त्यानं हातातला तुकडा कापून पुरा केला. त्यात पाऊण तास गेला. मग त्यानं दादाच्या हातात तांब्या दिला तेव्हा तांब्या उजव्या हातातून सरळ खाली गेला आणि दादा त्याच्याकडे बघून पुन्हा "हो" म्हणाला. तेव्हा रामा ओरडत वर वाडीकडे धावला.

काजरवाडी खेडपासून अठरा किलोमीटर. खेडहून पुढे चिपळूणला एका खाजगी रुग्णालयात नेईपर्यंत दुपारचा एक वाजला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत टाकावा लागेल असा. आणि बोलण्यात एकच शब्द शिल्लक.

सखाराम बोलणारा माणूस होता, आणि ते बोलणं गावाच्या कामाचं होतं. वाघजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. नारळ हातात घेऊन देवीसमोर उभं राहायचं, गावाची आणि ज्याच्या त्याच्या घरची अडचण खड्या आवाजात तिच्या कानावर घालायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या पुरुषांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. सखारामांनी हे काम बेचाळीस वर्षं केलं. गाऱ्हाण्याची चौकट ठरलेली असते. मधे ज्याचं त्याचं दुखणं बसवावं लागतं. ते बसवण्यात सखारामांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांची मुलगी दर्शना खेडच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक. नवरा विनीत तिथंच शाळेत शिक्षक. नोंद ठेवण्याची तिला सवय. रुग्णालयातल्या पहिल्या संध्याकाळीच तिनं दोनशे पानी वही आणली आणि बाबा कधी काय खातात, किती झोपतात, काय म्हणतात ते तारीखवार लिहायला लागली. 'काय म्हणतात' या रकान्यात पानंच्या पानं एकच शब्द आहे.

तिचा थोरला भाऊ महेंद्र विरारला राहायचा, एका कारखान्यात फिटर होता. निरोप मिळाला त्याच रात्री तो निघाला, पाच दिवस बापाच्या उशाशी बसला आणि शनिवारी, १२ तारखेला परत गेला. जाताना खाली वाकून म्हणाला, "येतो बाबा. दिवाळीला पोरीला घेऊन येतो." सखाराम म्हणाले, "हो."

महेंद्रला अठरा तारखेला ताप आला. डेंग्यू निघाला. शनिवारी, २६ ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो गेला. अडतीस वर्षांचा होता. मागे बायको तेजल आणि सात वर्षांची श्रद्धा.

रविवारी त्याला काजरवाडीत आणलं. सखाराम अजून चिपळूणलाच होते, छातीत कफ होऊन मुक्काम लांबला होता. त्यांच्याजवळ कोणीतरी थांबायला हवं होतं. आई गावी जाणार, त्यात बोलायला जागाच नव्हती. दर्शना थांबली. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब वर जाता कामा नये, कसलाही धक्का नको. म्हणून सख्ख्या भावाला गावाकडे अग्नी देत होते त्या दुपारी दर्शना खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती. बाबा तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघून हसली. दिवसभरात असं किती वेळा हसली ते वहीत नाही.

गुरुवारी, ३१ तारखेला, नेमक्या दिवाळीत त्यांना घरी आणलं. घरात सुतक. पण प्रेमलाबाईंनी, दर्शनाच्या आईनं, पडवीत आकाशकंदील लावून ठेवला होता.

"आई, हे काय?" दर्शना दबल्या आवाजात म्हणाली.

"तेनां काय दिसायला हवा? दिवाळीत अंधार?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगितलाय मी. ज्याला रडायचा हाय तो रामाच्या अंगणात जाऊन रडंल."

आणि झालंही तसंच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पाणंदीतच गाठून रामाची बायको गोदा आपल्या घराकडे वळवायची. दहावं-बारावंही रामाच्या घरून झालं. सखाराम पडवीतल्या खुर्चीवर, कंदिलाखाली. देवीच्या कामातल्या माणसाच्या घरी सुतकात कंदील लागला, तरी गावानं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पण दर्शनाला ते सहन होईना. बापाला मुलगा गेल्याचं सांगायचं नाही, हे कुठवर चालणार? तिनं डॉक्टरांना फोन केला. आता सांगायला हरकत नाही, पण शांतपणे सांगा, असं ते म्हणाले.

रविवारी, १० नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता तिनं सांगितलं. आधी विहिरीवर जाऊन तिनं वाक्यं जुळवली, चार वेळा मनातल्या मनात म्हणून पाहिली, तोंडावर पाणी मारलं. मग पडवीत येऊन त्यांच्या पायाशी बसली, डावा हात हातात घेतला.

"बाबा, आपला दादा गेला. ताप आला होता. डॉक्टरांनी खूप केलं. सव्वीस तारखेला गेला."

सखारामांनी तिच्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. मग हात सोडवून घेऊन तिच्या डोक्यावर थोपटलं.

दारात उभ्या असलेल्या आईनं विचारलं, "झाला सांगून?"

"हो म्हणाले."

वहीत त्या दिवशी लिहिलं आहे: 'दादाचं सांगितलं. रडले नाहीत. मलाच थोपटलं.' पुढचे पंधरा दिवस दर्शना कार्यालयात ज्याला त्याला सांगत होती, आमचे बाबा खंबीर आहेत.

मंगळवारी, २६ नोव्हेंबरला चिपळूणला वाचा-उपचाराची पहिली बैठक झाली. उपचार करणाऱ्या अक्षया मॅडम तिशीच्या आतल्या. त्यांनी टेबलावर चार वस्तू मांडल्या: कंगवा, किल्ली, कप, चमचा.

"बाबा, किल्ली द्या मला."

"हो," म्हणून सखारामांनी कंगवा दिला.

मॅडमनी काही न बोलता हवेत कुलूप उघडल्यासारखा हात फिरवला. सखारामांनी चटकन किल्ली उचलली.

"तुमचं नाव प्रेमला ना?"

"हो."

दर्शनाला हसू आलं. प्रेमलाबाईंना नाही. मग मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या, चेहरा हसरा केला आणि कौतुकानं म्हणाल्या, "बाबा, आज सकाळी तुमची गाय मेली म्हणे!"

सखाराम तोंडभर हसले. "हो!"

"ओ बाय, मेल्याबिल्याचा काय बोलता तुमी?" प्रेमलाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "गाय दावणीला उभी हाय माझी. सकाळी धार काढून आलंय मी."

"मावशी, माफ करा. मुद्दाम बोलले." मग मॅडमनी भुवया खाली घेतल्या, आवाज उतरवला आणि दुःखाची बातमी द्यावी तसं म्हणाल्या, "बाबा... आज घरी मोदक केलेत."

सखारामांचे डोळे भरले. "हो," ते हळूच म्हणाले आणि मान खाली घातली.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. बाबांना आवाज ऐकू येतो. हा माणसाचा आवाज आहे, आपल्या मराठीतला आहे, एवढंही बहुतेक कळत असावं. पण त्या आवाजातून एकेक शब्द सुटा काढायचा, त्याचा अर्थ हुडकायचा, शब्दांची एकमेकांशी सांगड घालून कोणी काय केलं ते ठरवायचं, हे सगळं आपलं डोकं डोळ्याचं पातं लवण्याआधी उरकतं, आणि ते जिथं उरकलं जातं त्या भागालाच मार बसला आहे. सूर, चेहरा, हातवारे, रडणं-हसणं हे समजण्याची वाट वेगळी. ती शाबूत आहे, उलट आता तेवढीच उरल्यामुळे ते तुमच्या-माझ्यापेक्षा बारकाईनं बघतात.

"आणि पाठ असलेलं बोलणं पुन्हा निराळं," त्या म्हणाल्या. "बघा. एक, दोन, तीन..."

"चार, पाच, सहा," सखाराम घडाघडा सुरू झाले आणि वीसपर्यंत न अडखळता गेले.

"अगो बाय! बोल्ले!" प्रेमलाबाईंनी हात जोडले.

"मावशी, हे बोलणं नाही. हे पायाखालची वाट चालण्यासारखं आहे. आता बघा. बाबा, नुसतं 'सहा' म्हणा."

"हो," सखाराम म्हणाले.

आई बाबांना घेऊन जिन्याकडे गेली तेव्हा दर्शना मागे थांबली. महेंद्रचं सगळं तिनं भराभर सांगून टाकलं. दहा तारखेला सांगितलंय, ते हो म्हणाले, असंही.

"कसं सांगितलंत?" अक्षया मॅडमनी विचारलं.

"शांतपणे. हात हातात घेऊन. डॉक्टर म्हणालेच होते की..."

मॅडमनी टेबलावरचा कंगवा उचलून खणात ठेवला. "मग त्यांना शांतपणा कळला असेल," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत दर्शनानं आईला सांगितलं. बाबांना काही कळलेलं नाही, त्यांच्या लेखी दादा विरारला आहे.

"नाय कळला ना?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "मग देवीची कृपाच म्हणायची."

"आई, त्यांचा मुलगा गेलाय."

"माझा बी गेलाय. माला कळला. काय मिळाला माला कळून?"

पण बापाला फसवलं जातंय, आणि पहिली फसवणूक आपण मोसंबी सोलता सोलता केली, हे दर्शनाच्या मनातून जाईना. तिला एकच हवं होतं: बाबांना कळावं. त्यांनी एकदा मुलासाठी रडावं. कळतंय की नाही हे तरी आपल्याला कळावं.

डिसेंबरपासून रविवारचं सुरू झालं. महेंद्र दर रविवारी सकाळी अकराला फोन करायचा. सखारामांना तारीख-वार सांगून कळत नव्हते, पण शाळेची पोरं घरी दिसली, दर्शना खेडहून आली, की रविवार. अकराच्या सुमाराला ते फळीवरचा मोबाइल डाव्या हातानं काढायचे आणि आणून दर्शनाच्या ओंजळीत ठेवायचे. पहिल्या रविवारी तिनं तो परत फळीवर ठेवला. त्यांनी पुन्हा काढला. चार वेळा असं झालं. शेवटी प्रेमलाबाईंनी तेजलला व्हिडिओ कॉल लावला.

तेव्हापासून दर रविवारी तेजल पडद्यावर यायची. कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र, चेहऱ्यावर हसू. हातानं खूण करायची की ते कामावर गेलेत. सखाराम डोळे भरून बघायचे, "हो, हो" करायचे आणि फोन खाली ठेवायचे. दिवस चांगला जायचा. वहीत जेवणाच्या रकान्यात रविवारी दोन भाकऱ्या आहेत.

फेब्रुवारीत एकदा तेजलनं दर्शनाला कार्यालयात फोन केला. "ताई, मी एका औषधाच्या दुकानात लागले. रविवारी अर्धा दिवस असतो. अकरा वाजले की दुकानाच्या मोरीत जाऊन आरशात बघून टिकली लावते, पर्समधलं मंगळसूत्र काढून घालते. दहा मिनिटांची सवाष्ण. मग पुसते. एकदाच पुसायचं असतं ना ओ ताई? मी दर रविवारी पुसते."

"मी आईशी बोलते," दर्शना म्हणाली. बोललीही. आई म्हणाली, "शिमग्यापोत्तर चालव म्हणावं."

शिमग्याला पालखी घरोघर फिरते. मुंबईला असलेला प्रत्येक घरचा माणूस त्या दिवशी गावात असतो. महेंद्र बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. या वर्षी निदान तेजलनं तरी यावं, असं प्रेमलाबाईंनी ठरवलं, आणि तसंच यावं, टिकली-मंगळसूत्रानिशी. श्रद्धाला मात्र आणू नकोस म्हणाल्या, पोर बापाचं काहीतरी बोलून जाईल. बोललेल्या शब्दांचा अर्थ सखारामांपर्यंत पोचतच नव्हता, हे प्रेमलाबाईंना चार महिने सांगूनही पटलं नव्हतं. तेजल एकटी आली. मुलगी तिच्या आजीकडे राहिली.

रविवारी, १६ मार्चला, दुपारी साडेतीन वाजता पालखी भुवडांच्या अंगणात आली. वर्षाच्या आत मयत झालेलं घर, तरी रामानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "देवीला सुतक नाय. ती दादाला भेटल्याबिगर जायची नाय." ढोल थांबले. साठेक पुरुष अंगणात, बायका पडवीत. या वर्षी गाऱ्हाणं रामाच घालत होता. सकाळपासून अकरा घरं झाली होती, आणि त्याचा आवाज बसला होता.

सखारामांना खुर्चीतून उठवून पालखीसमोर उभं केलं. एका बाजूनं दर्शना, दुसऱ्या बाजूनं तेजल. रामानं मानासाठी म्हणून नारळ आधी दादाच्या हाताला लावला. तो परत घ्यायला गेला तर दादा सोडेना. डाव्या तळव्यावर नारळ तोलत सखारामांनी मान वर केली.

"हे माझे आई वाघजाई, बारा वाड्यांचे मालकिणी..."

रामाचंच तोंड आधी उघडलं. "होय म्हाराजा!"

"चारी येशीवर तुजा पहारा, डोंगराच्या खांद्यावर तुजी नजर..."

"होय म्हाराजा!" आता साठ गळे.

आवाज तोच. पाच महिने धूळ खात पडलेला, पण तोच. शब्दाला शब्द लागत होता, श्वास नेमक्या जागी घेतला जात होता. दर्शनाला अक्षया मॅडमचं बोलणं आठवत होतं, वीसपर्यंतचे आकडे आठवत होते, तरी तिच्या हातांवर काटा आला. ठरलेली चौकट संपत आली. पुढे घरचं दुखणं बसवायची जागा होती, आणि ती जागा पाठ नसते. तिथं बाबा थांबतील, असं तिला वाटलं.

सखाराम थांबले नाहीत.

"...पोटापान्यासाठी मुंबैला ऱ्हायलेला माजा म्हयेंद्र, त्याची बायको, त्याची पोर, कामावर जातील येतील, त्येंच्या वाटेवरला काटा काढ, सुखरूप ने, सुखरूप घरी आण..."

"होय म्हाराजा!"

साठ जणांनी म्हटलं. ज्यांनी महेंद्रला खांदा दिला होता त्यांनीही. सवयीनं तोंडातून गेलं आणि मग कानांना कळलं. दर्शनाचे ओठ हलले होते, तेही तिला नंतर समजलं. पुढच्या दोन वाक्यांना प्रतिसाद विरळ आला. सखारामांनी गाऱ्हाणं शेवटपर्यंत नेलं आणि नारळ पालखीपुढे धरला.

क्षणभरानं गलका उठला.

"वाचा दिली! देवीनं वाचा दिली दादाला!" रामा रडत होता. भात कापत घालवलेल्या त्या पाऊण तासाचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरत असावं. "दर्शू, सांग तुज्या त्या मॅडमला. कंगवा नि चमचा दाखवून काय होताय? देवीसमोर उभा केला, झाला काम!"

"काका, ते पाठ होतं."

"पाठ तर पाठ! बोल्ला का नाय?"

"दर वर्षी तेच म्हणायचे ते. बावीस वर्षं तेच. महेंद्रदादा मुंबईला गेल्यापासून."

"आता ह्या सणाच्या वक्ताला कशाला त्वांड कडू करतेस गो?" गोदाकाकू म्हणाली.

या बोलण्यात तेजल कधी आत गेली ते कोणी पाहिलं नाही. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा चेहरा ओला होता, कपाळ कोरं आणि गळा मोकळा. प्रेमलाबाईंनी तिला दारातच अडवलं.

"तेजल, मागं फिर. हात जोडतंय तुला."

"आई, पुरे आता," तेजल म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिकडं माझी पोर विचारते, तू कधी टिकली लावतेस, कधी लावत नाहीस. तिला मी काय सांगू?"

ती सासूच्या बाजूनं निघून सखारामांसमोर येऊन उभी राहिली. सखारामांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. मग दर्शनाकडे पाहिलं.

ते कशासाठी आपल्याकडे बघतायत हे दर्शनाला कळलं. चेहरा शांत ठेवायला एवढा वेळ पुरे असतो, तिला त्याचा पाच महिन्यांचा सराव होता. तिनं ठेवला नाही. ती अंगणात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडली.

सखारामांनी नारळ रामाच्या हातात दिला. पाय ओढत, कोणाचा आधार न घेता, पडवीतल्या खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

"दादा, प्रसाद घेतोस ना?" रामानं विचारलं.

सखाराम काही बोलले नाहीत.

तिन्हीसांजेला प्रेमलाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. दर्शना आत आली तशा मान न वळवता म्हणाल्या, "झाला तुज्या मनासारखा?" त्यानंतर आठवडाभर मायलेकी कामापुरत्या बोलल्या. तेजल दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. निघताना सासऱ्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, असं दर्शनाला वाटलं. प्रेमलाबाईंच्या मते नेहमीएवढाच ठेवला.

पालखी आली त्या दुपारपासून सखारामांनी "हो" म्हटलेलं नाही.

गुरुवारी, २० मार्चला, त्यांना चिपळूणला नेलं. पुन्हा गुठळी झाली असेल, अशी डॉक्टरांना शंका होती. मेंदूचा स्कॅन काढला. नवीन काही आढळलं नाही. अक्षया मॅडमनी समोर बसून "एक, दोन, तीन" सुरू केलं आणि थांबल्या. सखाराम त्यांच्याकडे बघत राहिले. चार त्यांनी म्हटलं नाही.

"त्यांना कळलं म्हणून असं झालं का?" दर्शनानं विचारलं.

"असू शकतं."

"की आजार वाढलाय?"

"तेही असू शकतं. स्कॅनमध्ये सगळं दिसत नाही." मॅडमनी विचारलं, "रडलेत का ते?"

"नाही."

"फोन?"

"तेवीसला रविवार आहे. तेव्हा कळेल."

तेवीस तारखेला अकरा वाजले. दर्शना मुद्दाम पडवीत बसून राहिली. सखाराम जागचे उठले नाहीत. सव्वाअकराला प्रेमलाबाईंनी स्वतः फोन काढून त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी तो घेतला, पालथा करून मांडीवर ठेवला.

"रुसलाय पोरावर," प्रेमलाबाई म्हणाल्या. "शिमग्याला आला नाय म्हणून." मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

३० मार्चला पाडवा होता. वाडीत घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. भुवडांच्या दारात, वर्ष पुरं व्हायचं असल्यामुळे, गुढी नव्हती, आणि या वेळी प्रेमलाबाईंनीही ती उभारण्याचा हट्ट धरला नाही. सखाराम सकाळभर पडवीतून समोरच्या गुढ्यांकडे बघत होते. दुपारी जेवायला बसल्यावर त्यांनी डाव्या हातानं भाताचा एक घास बाजूला काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवून उठले. सोमवारी तसंच केलं. मंगळवारीही.

प्रेमलाबाईंचं म्हणणं, सणासुदीचा पोरगा येईल, उशिरा येईल, म्हणून त्याच्या वाट्याचं ठेवतायत. तो लहानपणी शाळेतून उशिरा यायचा तेव्हा असंच ठेवायचे. दर्शनाचं म्हणणं, गेलेल्या माणसासाठी काढून ठेवतात तसा तो घास आहे. दोघींनी त्यांना विचारून पाहिलं. एकीनं हसून विचारलं, एकीनं डोळ्यांत पाणी आणून. त्यांनी दोघींकडेही पाहिलं.

बुधवारी, २ एप्रिलला, प्रेमलाबाईंनी तो भात वाटीखाली झाकून संध्याकाळपर्यंत ठेवला. गुरुवारी दर्शना रजा घेऊन आली होती. तिनं तो केळीच्या पानावर घेऊन मागच्या परड्यात कावळ्याला ठेवला. दोन्ही दिवशी सखाराम बघत होते. दोन्ही दिवशी त्यांनी कोणाला अडवलं नाही.